बघायला कोण गेलं होतं?

माझ्या बायकोच्या जिभेला हाड नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. खरं सांगायचं तर त्या जिभेवर भाळूनच मी लग्न केलं. तेव्हा ती दुसऱ्यांवर चालायची आणि मी शेजारी बसून हसायचो. पुढे माझ्यावरही चालायला लागली. पण तोवर तक्रार करायची सोय राहिली नव्हती. गेल्या जानेवारीत आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, वार्षिक सभेत ती डॉक्टर क्विंटवर चालली, आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न ठाण मांडून बसला: पेनिना त्या म्हाताऱ्याची माफी मागायला जाणार कधी?

पेनिना सिनेगॉगची खजिनदार. अमेरिकेतल्या या रॉचेस्टरमध्ये आमच्या पणजोबांच्या पिढीने कोट शिवले, काजं केली, बटणं लावली, आणि त्यातून वाचवून एक निधी ठेवला. छप्पर गळलं, दफनभूमीतलं गवत वाढलं, एखाद्या घरात आजारपण आलं, की त्यातून भागतं. हा निधी कित्येक वर्षं तेल, वायू आणि कोळशाच्या शेअरमध्ये सुखाने झोपला होता. त्याला उठवायचं पेनिनाने मनावर घेतलं. दोन वर्षं ती त्याच्यामागे होती. जेवणाच्या टेबलावर कागद, फ्रिजवर कागद, गाडीत कागद. ज्याला भेटेल त्याला ती एकच ऐकवायची, "शत्रूच्या गावाला वेढा घातलास तरी तिथल्या फळझाडाला कुऱ्हाड लावू नकोस, असं आपला धर्मग्रंथ, तोरा, सांगतो. आपण ते शनिवारी उभं राहून वाचतो आणि सोमवारी कोळशाचा नफा खिशात घालतो. लाज कशी वाटत नाही?"

लोकांना लाज वाटली. शेवटी उन्हापासून वीज करणाऱ्या एका कंपनीच्या फंडात निधी हलवायचा ठराव सभेपुढे आला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सभागृहात बेगल, मलई-चीज आणि कॉफीचं ते मोठं भांडं, जे माझ्या तेराव्या वर्षीच्या बार मित्स्वापासून गळतंय. सगळे माना डोलवत होते. मग माझ्या शेजारी बसलेले डॉक्टर क्विंट उठले.

इझिडोर क्विंट म्हणजे आमच्या सभांमध्ये ठरून दाताखाली येणारा खडा. मेणबत्त्या कुठून घेतल्या, गालिचा धुवायला कुणाला दिला, प्रत्येक गोष्टीवर त्यांचा प्रश्न. सिनेगॉगमध्ये माझी जागा त्यांच्या शेजारी आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात मी पान चुकलो की न बघता बोट ठेवून पान दाखवणार, आणि वर पुटपुटणार, "पन्नास वर्षं येतोयस रे." ते दातांचे डॉक्टर होते. होते म्हणायचं, कारण खूप वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या प्रार्थनागायकाच्या बायकोचा चांगला दात काढला आणि किडका तसाच ठेवला. कुणी बोट दाखवायच्या आधी ते स्वतःच तिच्या घरी गेले, माफी मागितली आणि वर्षाच्या आत दवाखाना बंद केला. आमच्यात नियम आहे, की ज्याने आपली चूक कबूल करून धुतली, त्याला तिची पुन्हा आठवण करून द्यायची नाही. तो नियम सगळ्यांनी पाळला. म्हणजे त्यांच्या तोंडावर पाळला.

"हे सूर्याचं शेत आहे कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक नाही डॉक्टर, राज्यभर आहेत," पेनिना म्हणाली.

"त्यातलं एखादं बघायला कोण गेलं होतं?"

"अहवालात सगळं दिलंय."

"अहवाल मी वाचला. त्यात सूर्यफुलाचं चित्र आहे. छान आहे चित्र. मी विचारतोय, तिथे आधी काय होतं? बघायला कोण गेलं होतं?"

पेनिना दमली होती. त्यात सर्दी. दोन वर्षांची मेहनत दारापर्यंत आणली आणि उंबऱ्यावर हा म्हातारा आडवा झाला, असं तिला वाटलं असणार. ती गोड हसली. ते हसू मी ओळखतो.

"उपटायच्या आधी नीट बघावं, हे तुम्ही आम्हाला शिकवताय, डॉक्टर?"

सभागृहात जो हशा उसळला! मीही हसलो. कोण नाही हसलं?

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. आमचे जुने पंडित म्हणून गेलेत की चारचौघांत माणसाला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. बघा, म्हणे, चेहऱ्यावरचं तांबडं उतरतं आणि पांढरं येतं. लहानपणी हे घोकलं होतं, समोर घडताना पहिल्यांदाच पाहिलं. ते हळूच खाली बसले. मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर डॉक्टर क्विंटनी हात वर केला. त्यांचा विरोध नव्हताच. त्यांना फक्त कुणीतरी जाऊन बघावं असं वाटत होतं.

त्या दिवसानंतर ते शनिवारी येत, माझ्या शेजारी बसत, प्रार्थना संपली की कोट चढवून निघून जात. खाली हेरिंग मासा आणि खसखशीच्या केकभोवती गप्पा रंगायच्या, तिथे ते पुन्हा दिसले नाहीत. गल्लीतल्या माणसाला ओळख दाखवावी तेवढं "शब्बात शालोम" मात्र म्हणायचे. मीही म्हणायचो.

घरी मी पेनिनाच्या मागे लागलो.

"जाऊन ये गं एकदा."

"जाईन."

"कधी?"

"योम किप्पुर असतो ना त्यासाठी? सगळे तेव्हाच मागतात माफी."

"तो सप्टेंबरात! आत्ता फेब्रुवारी चाललाय."

"मग काय झालं? तोवर ते काही मरत नाहीत."

"पेनिना!"

"बरं बाबा, थूः थूः थूः. शंभर वर्षं जगू देत." ती ताट आपटून उठली. "तुला बरं सुचतं रे लेव, बाजूला बसून उपदेश करायला."

मी उपदेश केला, हे खरं आहे. चार महिने केला. चारचौघांत अपमान केलास तर माफीही चारचौघांत मागायला हवी, हे मी तिला ऐकवलं. आमच्या रब्बायनेही, म्हणजे सिनेगॉगच्या धर्मगुरू बाईनेही, सांगितलं, एकदा नाकारलं तर तीनदा जायचं असतं. तेही मी जेवताना ऐकवलं. एकदा ती डॉक्टरांच्या गल्लीपर्यंत जाऊन आली, गाडीतून उतरलीच नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की पेनिना भांडते. त्या हिवाळ्यात ती किराणावाल्याशी भांडली, माझ्या बहिणीशी भांडली, आणि जे फुटकळ विनोद ती दिवसभर करायची ते तिने बंद केले. मी मात्र छान झोपायचो. चूक तिची होती ना.

आमच्याकडे वसंतात एक रीत आहे. फळझाडं फुलली की बाहेर जायचं, निदान दोन झाडं बहरलेली बघायची आणि वर्षातून एकदाच म्हणायचा तो आशीर्वाद म्हणायचा: ज्याने आपल्या जगात काही उणं ठेवलं नाही, आणि माणसाचं मन रमावं म्हणून चांगली झाडं केली, त्याचा. खरं तर हे एप्रिलमध्येच करायचं असतं. पण पंचांग जेरुसलेमचं आणि थंडी आमची, त्यामुळे मे उजाडतो. दर वर्षी आम्ही सरोवराकाठच्या गॅरी व्हॅनहूटच्या सफरचंदांच्या बागेत जातो. ही सहल डॉक्टर क्विंटनी सुरू केली. गॅरीला फोन करणं, बहर केव्हा आहे ते विचारणं, गाड्या ठरवणं, सगळं त्यांच्याकडे.

यंदा त्यांनी फोन केला नाही. मग दुसऱ्या कुणीच केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल. रब्बायने रविवारची तारीख कळवली आणि आम्ही निघालो. डॉक्टरांना रब्बायनेच घरी जाऊन गळ घातली होती. ते आपल्या जुन्या गाडीतून एकटेच आले.

वळण घेतलं आणि मला वाटलं मी रस्ता चुकलो. गॅरीचं लाल कोठार तिथेच होतं. बाग नव्हती. टेकडीच्या उतारावर लोखंडी खांबांच्या रांगा होत्या, सरळ, चकचकीत. कुंपणाजवळ मुळांसकट उपटलेल्या झाडांचा ढीग पडला होता, आणि त्यातल्या काही फांद्यांवर कळ्या होत्या. मुळं वर आलेली, तरी बिचाऱ्या फुलायच्या तयारीत होत्या. त्या कळ्यांकडे मला बघवेना.

फाटकावर पाटी होती. पाटीवर सूर्यफूल.

ते सूर्यफूल मी दोन वर्षं आमच्या फ्रिजवर बघितलं होतं. मी पेनिनाकडे पाहिलं. तिने माझा दंड धरला आणि बोटं रुतवली.

बाकीच्यांना काही कळलं नव्हतं. सभेत त्यांनी आकडे पाहिले होते, चित्र कोण बघतो! ग्लोरिया पर्लमटर गाडीतून उतरली ती कंबरेवर हात ठेवूनच. "कोण आहेत हे नालायक? एवढी फुलायला आलेली झाडं उपटायची? नाव लिहून घ्या रे कुणीतरी. पेपरात देऊ आपण! पेनिना, तू लिही, तुला छान लिहिता येतं."

 तेवढ्यात गॅरी कोठारातून लंगडत आला.

"अरे देवा, तुम्ही मंडळी! डॉक्टर, तुमचा फोन आला नाही, म्हटलं यंदा येत नाही वाटतं." त्याने टोपी काढली. "हो, मार्चमध्ये काढली झाडं. सफरचंदात काही राहिलं नव्हतं हो. रसाचा कारखाना बंद पडला, माझे गुडघे बंद पडले, पोरगा डेन्व्हरला. ही माणसं दर वर्षी जागेचं भाडं देतात, खांब सोडून मधल्या गवतात मेंढ्या चारायलाही देतात. माझं म्हातारपण सुटलं बघा."

"पण गॅरी, सगळी झाडं?" ग्लोरिया म्हणाली.

"खालची पट्टी ठेवता आली असती. उतार आहे, तिथे ऊन तसंही कमी. मी म्हटलं होतं त्यांना. ते म्हणाले, पैसेवाल्यांनी काही अट घातली असती तर ठेवली असती. पैसेवाले कधी आलेच नाहीत बघायला." तो हसला. त्याच्या हसण्यात दुखावणं नव्हतं. "त्यांना कशाला नावं ठेवू? शहरातली भली माणसं असतील. देव त्यांचं भलं करो."

कुणी थोबाडीत मारावी तसा तो आशीर्वाद मला लागला. आम्ही उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि शेळ्यांचा मालक आमचं भलं चिंतत होता.

डॉक्टर क्विंट फाटकापाशी उभे होते. पाटी त्यांनी वाचली होती. त्यांनी वळून पेनिनाकडे पाहिलं.  आता त्यांची पाळी होती. एक वाक्य, आणि पेनिनाला त्या सिनेगॉगमध्ये पुन्हा मान वर करता आली नसती. ग्लोरियाने तिला तिथेच सोलून काढलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "रस्त्यापलीकडे गॅरीच्या बहिणीच्या दारात नाशपातीची दोन झाडं आहेत. दोन पुरतात. चला."

आणि ते चालू लागले. आम्ही सगळे मागोमाग. पेनिना माझ्या बाजूने चालत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. रडणं कसलं, नुसतं पाणी.

नाशपाती पांढऱ्याशुभ्र फुलल्या होत्या. रब्बायने पुस्तकं वाटली. सगळ्यांनी पान उघडलं. डॉक्टरांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात पेनिना म्हणाली, "थांबा."

तिने हातातलं पुस्तक मिटलं.

"जगात काही उणं ठेवलं नाही, असं मला आत्ता म्हणता येणार नाही. ते समोरचं शेत आपलं आहे. ग्लोरिया, तू ज्यांना नालायक म्हणालीस, तो फंड आपला आहे. मी निवडला. डॉक्टरांनी विचारलं होतं, बघायला कोण गेलं होतं म्हणून. जानेवारीत ही झाडं उभी होती. कुणी आलं असतं तर निदान खालची पट्टी वाचली असती. कुणी गेलं नव्हतं, आणि ते कबूल करायच्या ऐवजी मी त्यांचा अपमान केला. तुमच्या सगळ्यांसमोर केला, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, मला माफ करा. चार महिने मी तुमच्या दारात यायला घाबरत होते."

 डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"गॅरी खोटं बोलत नाहीये," ते म्हणाले. "ज्या झाडावर धन्याचं पोट भरत नाही, ते काढायची मुभा आहे. शास्त्रात आहे. वीजही आपल्याला हवीच आहे, मी मत उगाच नाही दिलं. बघायला हवं होतं, एवढंच." मग चष्मा नाकावर चढवला. "आणि तुझं म्हणशील, तर तू दोन वर्षं राबलीस, मी ऐन वेळी आडवा आलो, तू चिडलीस. रागाच्या भरात माणूस बोलतो. मला राग समजतो. माफ केलं, मनापासून केलं. आता रड पुरे, तुझी सर्दी परत येईल."

ग्लोरियाने पेनिनाला मिठी मारली. दोघी रडल्या. रब्बाय रडली. मग आम्ही आशीर्वाद म्हटला, जरा ओशाळूनच, आणि पुढच्या सभेत कंपनीकडे अट घालायची, आणि पैसा जाईल तिथे आधी आपल्यातलं कुणीतरी पायांनी जाईल, असं तिथेच ठरलं. मला इतकं हलकं वाटत होतं! परतताना मी गाडीत गुणगुणायलाही लागलो.

"बघ," मी म्हणालो, "किती सोपं होतं. मी चार महिने काय सांगत होतो?"

पेनिना खिडकीबाहेर बघत होती. "तू कधी जाणार आहेस?"

"मी? कुठे?"

"डॉक्टरांकडे."

"मी कशाला? मी काय केलं?"

ती माझ्याकडे वळली. आवाजात धार नव्हती, आणि त्यामुळेच मी सावध झालो. "लेव, मी ते वाक्य बोलले, आणि एक क्षण कुणीच हसलं नव्हतं. मला वाटलं, मेले, काय बोलून बसले मी. मग तू हसलास. तू हसलास म्हणून बाकीचे हसले."

"काहीतरीच काय!"

पण तिने पुढे वाद घातला नाही. पेनिनाने वाद घातला नाही म्हणजे ते खरं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टर क्विंटच्या दारात उभा होतो. हातात केक होता, म्हणजे मी किती गाढव आहे ते बघा. त्यांनी दार उघडलं, केक बघितला, पण आत ये म्हणाले नाहीत.

"डॉक्टर, जानेवारीतल्या त्या सभेबद्दल..."

"आलास म्हणायचं शेवटी," ते म्हणाले. "त्या दिवशी पहिला आवाज तुझा आला. मी पेनिनाकडे बघत होतो, तिचा चेहरा पडला होता. आवाज माझ्या शेजारून आला."

"सगळेच हसले, डॉक्टर. मीही हसलो, ओघात."

"ओघात?"

"म्हणजे... माफ करा."

त्यांनी दाराला हात टेकवला. ते रागावलेले नव्हते. आमच्या शेजारशेजारच्या खुर्च्यांवरून पान दाखवताना असायचा, तसाच त्यांचा चेहरा होता.

"पेनिनाला राग आला होता," ते म्हणाले. "म्हणून मी तिला माफ करू शकलो. तुला माझा कसला राग होता, लेव?"

मी खरंच आठवून बघितलं. दाराशी उभा राहून, केक धरून. माझ्या दाढा त्यांनी भरल्या होत्या. माझे वडील गेले तेव्हा प्रार्थनेला दहा माणसं जमावीत म्हणून ते बर्फातून रोज सकाळी आले होते. पन्नास वर्षं मला पान सापडलं नाही की त्यांनी दाखवलं होतं. राग कुठेच नव्हता. त्यांची फजिती झाली आणि मला मजा वाटली, एवढंच होतं. ती मजा मी चार महिने माझ्या बायकोच्या पदरात बांधून तिला उपदेश करत होतो. माझी मला इतकी लाज वाटली की मान खाली गेली ती वर येईना.

"कसलाच नाही," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं होतं," डॉक्टर म्हणाले. "राग असता तर बरं झालं असतं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पुन्हा ये."

त्यांनी दार आवाज न करता लावलं. मी केक घेऊन घरी आलो.